पोळ्याला ओटिस बसला

ऑगस्ट लागला की माझा फोन मोदकांबद्दल बोलायला लागतो. आम्ही राहतो मिशिगनमधल्या ट्रॉयला. इथे मंडळ आहे, मंडळाचा गणपती आहे, आणि त्या गणपतीच्या मोदकांची काकू मी आहे. काकू, यंदा उकडीचे किती धरायचे? काकू, नारळ आम्ही आणून ठेवतो, तुम्ही फक्त या. आणि फोन ठेवताना न चुकता, काकू, कमरेला जपा हं. जपा. माझ्या मणक्यात स्क्रू बसले तेव्हापासून हा शब्द इतक्यांदा ऐकलाय की तो कानावर पडला की माझं डोकंच सरकतं. जपा म्हणतात आणि लगेच दोन पातेली उकड मळायला बसवतात.

यंदा मी सांगून टाकलं, मी नाही येणार, मी डोंगरात असेन. फोनवरची मुलगी नवीन आहे, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली, स्वभावानं गोड. ती म्हणाली, म्हणजे परत ते लामा वगैरे? हो बाई, परत ते लामा वगैरे. लामा म्हणजे उंटाच्या भावकीतला, लांब मानेचा, लोकरीचा प्राणी. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण इकडे वायोमिंगच्या डोंगरांत लोक त्याच्यावर तंबू आणि शिधा लादून आठवडाभर फिरायला जातात. त्याच्यावर बसायचं नसतं. चालायचं आपण, ओझं त्याचं. माझ्यासारख्या स्क्रूवालीला याहून चांगली सोय कुणी केलेली नाही, आणि ती मी सोडणार नाही.

बाहेर अंगाला चिकटणारी हवा आहे, शेजाऱ्याचा स्प्रिंकलर टकटक करत फिरतोय, टेबलावर शनिवारच्या बाजारातून आणलेली मक्याची कणसं पडलीयत. नाकात मात्र वास आहे तो वायोमिंगला गाडीचं दार उघडलं की येतो तो. तिथे माळभर राखाडी झुडपं असतात, आपल्या दवण्याच्या जातीची. पान चुरगळलं की सरळ देवघराची आठवण होते. मग पाइनचा राळेचा वास, मग लामांच्या ओल्या लोकरीचा. गेल्या वर्षी याच दिवसांत मी पहिल्यांदा तिथे गेले, आणि गेल्या वर्षीचा तो ऑगस्ट माझ्या अंगातून काही केल्या उतरत नाही.

जायच्या आधीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर नुसतंच निसर्गवर्णन होईल. माझी मुलगी केतकी कॅरीला असते, नॉर्थ कॅरोलायनात, औषधांच्या कंपनीत. ईशान तेव्हा तीन वर्षांचा होता आणि दुसऱ्या बाळाची चाहूल लागली होती. जूनमध्ये तिनं ठरवूनच टाकलं. आम्ही ट्रॉयचं घर विकायचं आणि तिच्याकडे राहायला जायचं. खालच्या मजल्यावर आमच्यासाठी खोली, वेगळं बाथरूम, आत धरायला दांड्यासुद्धा लावून घेतल्या होत्या. You won't have to do anything, आई, just be there. आता नुसतं असणं म्हणजे काय हे मी ईशानच्या वेळी बघितलेलं आहे. नुसतं असणं म्हणजे पहाटेची दुधाची बाटली, डे-केअरची ने-आण, डाळ-भाजी-पोळी, आणि रुसलेल्या पोराला उचलून गाडीच्या सीटमध्ये कोंबणं.

डॉक्टरीणबाईंनी मला ऑपरेशननंतर स्वच्छ सांगितलं होतं. चाला, हवं तेवढं चाला, चालणं हेच औषध. पाठीवर ओझं मात्र नको, आणि जड उचलणं नको. केतकीनं यातून काढलेला अर्थ असा की आईचे डोंगर संपले. पाठीवरची सॅक दिसली की तिला माझे स्क्रू आठवायचे. ईशानला उचलताना ना तिला आठवायचे, ना मला. भाजीच्या पिशव्यांना, मंडळाच्या पातेल्यांना, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीला ते स्क्रू कसे चालतात, हे मला कुणीही आजवर समजावून सांगितलेलं नाही.

आणि ट्रॉयमध्ये आहे काय, असं ती विचारायची. ट्रॉयमध्ये माझी लॅब आहे. मी नागपुरात धातुशास्त्र शिकले, इथे येऊन गाड्यांचे सुटे भाग तपासते. लोखंडाच्या तुकड्याला यंत्रात धरायचं, ताण वाढवत न्यायचा आणि तो कुठे तुटतो ते बघायचं, हे माझं काम. अजून आठवड्यातले तीन दिवस जाते. ते काम मला आवडतं. माझी टोमॅटोची झाडं आहेत, आमच्या वाचनगटातल्या चार भांडकुदळ बायका आहेत. मोठं काही नाही, पण माझं आहे. सुधीरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं तर तो म्हणाला, तू म्हणशील तसं. हे वाक्य ऐकायला फार समजूतदार वाटतं. संसारभर त्यानं त्याच एका वाक्यावर सगळं माझ्याकडे सरकवलंय.

नाही म्हणायला तोंड उघडेना. मी हो पण म्हटलं नाही. डोंगरातून आले की सांगते, एवढंच म्हटलं. केतकीनं तो होकारच धरला आणि घर विकून देणाऱ्या बाईंना सप्टेंबरचा वेळ देऊन टाकला. मीही मग लोकांना हसून सांगायला लागले की आता आम्ही कॅरीला चाललो, नातवंडं आहेत ना. हसून सांगितलं की लोक पुढे काही विचारत नाहीत.

डोंगरात माझ्याबरोबर होती मीना. मीना पुण्याची, मी विदर्भातली. स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकत असताना आम्ही एका अपार्टमेंटमध्ये राहायचो, एकाच कुकरवर भांडायचो आणि सुट्टीत पाठीवर घर बांधून पेनसिल्व्हेनियाचे डोंगर तुडवायचो. मी नोकरीसाठी मिशिगनला आले, ती तिथेच राहिली, आता तिथेच शिकवते. एकटी राहते, एकटी चालते, आणि या दोन्हींचा तिला मनस्वी अभिमान आहे. लामांचं ऐकल्यावर फोनवर जी हसली. म्हणाली, मग पालखीच कर ना, वर छत्रचामर घे. ज्याचं ओझं त्यानं वाहावं, नाहीतर तो ट्रेक कसला, तो मॉल. मी म्हटलं, तू वाहा तुझं, मी माझं ओटिसवर घालणार. ओटिस हे माझ्या वाट्याला येणाऱ्या लामाचं नाव, त्यांच्या वेबसाइटवर फोटोसकट होतं. आली मात्र ती. स्वतःची भलीमोठी सॅक घेऊन आली.

लामांची मालकीण रूथ. पूर्वी शाळेत शिकवायची, आता कुरणात लामा पाळते आणि उन्हाळाभर लोकांना विंड रिव्हरच्या डोंगररांगेत नेते. बाई मोजकं बोलणारी. रोज सकाळी तिचा एक विधी असे. प्रत्येक लामाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या दोन पिशव्या ती आकड्याच्या काट्याला टांगून वजन करायची, आणि दोन्ही एकसारख्या होईपर्यंत सामान इकडचं तिकडे करत राहायची. एकदा जमलं की पिशव्यांचे पट्टे बांधायचे, आणि मग त्यात कुणी रुमालसुद्धा घालायचा नाही, असा तिचा दंडक होता.

पहिल्या दिवशी मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना. एका हातात ओटिसची दोरी, ती पण ढिली. पाठीवर काही नाही, खांद्यावर काही नाही, दुसरा हात नुसता लोंबतोय. बाजारातून रिकाम्या हातानं परत आल्यासारखं वाटायला लागलं. दोनदा मी मागे वळून बघितलं, काही राहिलं तर नाही ना. मग पाइनचं रान सुरू झालं, पायाखाली सुयांची गादी, मधेच पांढऱ्या ग्रॅनाइटचे नुसते उघडे खडक, आणि ओटिस माझ्या मानेजवळ ऊं ऊं असं गुणगुणत यायचा. लामा असे गुणगुणतात, काळजीनं म्हणे, कुतूहलानंही म्हणे. त्याचे तळवे मऊ असतात, टापांचा आवाजच होत नाही. दुपारपर्यंत माझा तो लोंबणारा हात कमरेवर गेला होता आणि मी कितीतरी वर्षांनी वर बघून चालत होते. ओझं असलं की माणूस खाली बघून चालतो.

वर वर जाताना झाडं बुटकी होत गेली. तळी लागायला लागली, इतकी स्वच्छ की काठावर उभं राहिलं की तळाचे दगड मोजावेत. पाण्यात हात घातला की कोपरापर्यंत कळ जायची. रोज दुपारी ढग यायचे, गडगडायचे, कधी गारा फेकायचे, आणि तासाभरात असं ऊन पडायचं की जणू आपण काही केलंच नाही. आम्ही स्वयंपाकाच्या ताडपत्रीखाली बसून भडंग खायचो. ओहायोचं एक निवृत्त जोडपं बरोबर होतं, त्यांना भडंग इतकं आवडलं की मीनानं डबा लपवून ठेवला.

आणि मग माझ्या लक्षात आलं की उद्या पोळा आहे. निघण्याआधी कॅलेंडरात बघितलं होतं, म्हणून तर हळद, तूप आणि पुरणपोळीची पाकिटं बांधून आणली होती. विदर्भात पोळ्याचं महत्त्व काय असतं ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. आर्वीजवळ मामांची शेती होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मामा बैलांना नदीवरून धुऊन आणायचे आणि त्यांचे खांदे तूप-हळदीनं चोळायचे, पळसाच्या पानांनी शेकायचे. वर्षभर जू वाहून वाहून त्या खांद्यांना घट्टे पडलेले असत. मग मामा त्यांच्या कानाशी वाकून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैलांना झूल, शिंगांना रंग, पुरणपोळीचा घास, आणि खांद्यावर काही नाही म्हणजे काही नाही. मी लहानपणी कितीदा तरी ते हळदीचे पिवळे खांदे चोळलेत.

तर त्या संध्याकाळी मी प्लास्टिकच्या डबीत आणलेलं तूप वितळवलं, हळद कालवली आणि ओटिसपाशी गेले. म्हटलं, बाबा, इतके दिवस माझं ओझं वाहतोयस, तुझे खांदे चोळते. चोळले. पांढऱ्या लोकरीवर झकास पिवळे पंजे उमटले. मग कानाशी वाकून आवतन द्यायला गेले, तेवढ्यात त्यानं मान मागे घेतली, कान पाडले आणि पोटातला सगळा हिरवा चोथा माझ्या तोंडावर थुंकला. चष्म्यासकट. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. मीना मागे दगडावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

रूथ मात्र हसली नाही. ती धावत आली, वास घेतला आणि मला विचारलं की हे लोणी आहे का. तूप आहे म्हटल्यावर तिनं कपाळाला हात लावला. त्या रानात अस्वलं आहेत. म्हणून आमचं सगळं खाणं अस्वलांना उघडता न येणाऱ्या डब्यांत, स्वयंपाक तंबूंपासून लांब, दात घासले तरी थुंकायला लांब जायचं, आणि मी तिच्या लामाला साजूक तुपाचा वास लावून ठेवला होता. शिवाय, ती म्हणाली, हा काही खांद्यावर वाहत नाही, याचं ओझं बरगड्यांवर असतं. आणि चेहऱ्याजवळ कुणी गेलेलं याला खपत नाही. मग आम्ही तिघींनी त्या बर्फगार तळ्याचं पाणी आणून ओटिसला धुतलं. बोटं बधिर झाली. पुरणपोळीची पाकिटं तर रूथनं ताब्यातच घेतली, लामाच्या पोटाला साखर झेपत नाही म्हणून. मी कितीदा सॉरी म्हटलं. रूथला पोळ्याबद्दल सांगितलं तेव्हा तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग वर्षातले बाकीचे दिवस? मी म्हटलं, बाकीचे दिवस जू. ती ओटिसची लोकर टॉवेलनं पुसत राहिली.

पोळ्याच्या दिवशी खिंडीची चढण होती. मी सकाळी रूथला विचारून बघितलं, की आज यांना सुट्टी देता येईल का. ती म्हणाली, आज खिंड ओलांडली नाही तर उद्या वादळात ओलांडावी लागेल. पिशव्या काट्यावर टांगल्या, सारख्या झाल्या, पट्टे बांधले, निघालो. झाडं संपली, पुढे नुसता वारा आणि दगड. पायाच्या बोटाएवढी निळी फुलं दगडांच्या आडोशाला धरून बसलेली. दम लागत होता, पण कंबर दुखत नव्हती. मी खूश होते. आणि अर्ध्या चढणीवर ओटिस बसला.

आधी पुढचे गुडघे टेकले, मग मागचे, मग सगळा देह शांतपणे वाटेवर ठेवून दिला आणि समोर बघत राहिला. मी दोरी हलवली. नाव घेतलं. काही नाही. मीना पुढे आली आणि दोरी ओढायला लागली, उठ ना यार, उठ रे राजा, म्हणत तिनं मागून ढकलूनही बघितलं. ते डोंगर ढकलण्यासारखं होतं. खालून रूथ वर आली. मला वाटलं ती आता काठी काढेल, ओरडेल. तिनं मीनाच्या हातातून दोरी काढून घेतली आणि खाली टाकली. मी म्हटलं, त्याला काय झालं, आजारी आहे का?

"आजारी नाही," रूथ म्हणाली. "तो म्हणतोय, जास्त आहे. म्हणजे जास्त आहे."

तिनं पिशव्या सोडल्या, काट्याला टांगल्या. एक बाजू चांगलीच जड भरली. वरचा तंबू काढला तर खाली मीनाचे जाड बूट, पाण्याचं फिल्टर, दोन पुस्तकं आणि कॅमेऱ्याची अख्खी पेटी. ज्याचं ओझं त्यानं वाहावं म्हणणाऱ्या मीनानं सकाळी वजन झाल्यावर गुपचूप कोंबलेली. रूथनं एकेक वस्तू दगडावर मांडली आणि कुणाकडेही न बघता दुसऱ्या लामाकडे निघून गेली. त्याच्यावरचा शिधा आता बराच संपला होता, तिथे किती जागा आहे ते बघायला.

मी मीनाला चिडवायला तोंड उघडलं होतं. चांगलं लक्षात राहील असं काहीतरी म्हणणार होते, पालखीचा हिशेब चुकता करणार होते. पण तिचा चेहरा बघितला आणि राहू दिलं. ती ओटिसच्या शेजारी जमिनीवर बसली, पाय लांब करून.

"गुडघा गेलाय यार," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तुला कसं सांगू?"

"सांगायचं की सरळ. मी काय खाल्लं असतं तुला?"

"तू सांगितलंस कधी कुणाला?" तिनं विचारलं. "तुला जायचंय का कॅरीला?"

"नाही," मी म्हटलं.

वारा इतका होता की मला वाटलं तिला ऐकू गेलं नसेल, म्हणून परत एकदा म्हटलं, जरा मोठ्यानं. मग मला रडूच फुटलं. दुःखाचं नव्हतं ते, रागाचं होतं. जूनपासून जो शब्द माझ्या तोंडातून निघेना, तो हा गाढवाएवढा लोकरीचा गोळा गुडघे टेकून सांगून मोकळा झाला होता. आणि कुणी त्याला मारलं नव्हतं. स्वार्थी म्हटलं नव्हतं. आजवर वाहिलंस ना, मग आज काय झालं, असं कुणी विचारलं नव्हतं. पिशव्या सोडून वजन बघितलं होतं, बस्स.

तिथे बसल्या बसल्या मला मामांचे बैल आठवले आणि पहिल्यांदाच त्या पिवळ्या खांद्यांनी बरं वाटलं नाही. मामा बैलांवर जीव टाकायचे, ते खोटं नव्हतं. पण पोळा झाला की दुसऱ्या दिवशी जू चढायचंच, आणि बैल ते चढवून घ्यायचे. मंडळानं त्याच्या आदल्या वर्षी माझा सत्कार केला होता. शाल, नारळ, काकू म्हणजे आमच्या मंडळाचा कणा, असं भाषण. टाळ्या झाल्या. मी भारावून गेले होते. आणि सत्कार संपल्यावर भांडी घासायला मीच उभी होते, त्याच शालीत. प्रेमाच्या उबेनं माणूस तापलेल्या धातूसारखा किती मऊ होतो ते मला लोखंड तोडता तोडता कळायला हवं होतं. शत्रूचं ओझं मी कधीच फेकून दिलं असतं. माझ्यावर ओझं घालणारी सगळी माझीच माणसं होती, आणि खरोखरच प्रेमाची होती.

आणि ईशान मला प्राणाहून प्रिय आहे. हे इथे लिहायलाच हवं, कारण ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली त्यातल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नातवाला रस्त्यावर सोडून आलेय. त्याला मी खेळवीन, गोष्टी सांगेन, सुट्टीत येईन, त्याला माझ्याकडे आणीन, एक दिवस त्याला या डोंगरावर नेईन. पण माझं उरलेलं आयुष्य विकून त्याच्या बाटल्या धुवायला जाणार नाही. नाही म्हणजे नाही. ज्यांना यात प्रेम कमी पडतंय असं वाटतं, त्यांनी आपापल्या आईला विचारून बघावं, आणि ती हसून उत्तर देईल तेव्हा त्या हसण्यावर विश्वास ठेवू नये.

मीनाचं सामान दुसऱ्या लामावर चढलं, तिची सॅकसुद्धा निम्मी रिकामी केली. ओटिस आपल्या आपण उठला, अंग झाडलं, जणू मधे काही घडलंच नव्हतं. खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो तर पलीकडे डोंगरांमागे डोंगर, मधेमधे तळ्यांचे तुकडे, उन्हाळा सरत आला तरी सावलीत बर्फाचे पट्टे. रूथनं पुरणपोळ्या परत केल्या, आम्ही सगळ्यांनी तिथेच वाऱ्यात उभ्यानं खाल्ल्या. ओहायोचे काका म्हणाले की इतकी चविष्ट पोळी जनावराला का देता. मीनाची सॅक हलकी झाली होती आणि ती तोंडभर खात म्हणाली की मॉल काही वाईट नसतो.

डोंगर उतरून गाव जवळ आलं तसा गाडीत माझा फोन टिणटिणायला लागला. मी रूथला गाडी बाजूला घ्यायला लावली. सुधीरला नाही, आधी केतकीला फोन लावला. माळावर उभी राहून सांगितलं, मी येणार नाही. घर विकणार नाही. बाळंतपणाला महिनाभर येईन, आनंदानं येईन, आणि परत जाईन. तिला वाटलं मला उंचीवर काहीतरी झालंय. मग तिला कळलं. Wow, आई, एवढंच म्हणाली ती. मग म्हणाली, मी सगळं तुझ्या भरवशावर प्लॅन केलं होतं. मी म्हटलं, मला माहीत आहे. समजावत बसले नाही, कारणं दिली नाहीत. कारणं दिली असती तर तिनं एकेक करून सोडवली असती, ती हुशार आहे. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

सुधीर मात्र घरी ऐकून घेतल्यावर म्हणाला, बरं झालं, मलाही जायचं नव्हतं. मग तू का नाही बोललास, असं विचारून उपयोग नव्हता. त्या दिवशी जेवण त्यानं केलं, पिठलं-भात, आणि पिठल्यात गुठळ्या होत्या.

हे फुकटात झालेलं नाही. केतकीला मुलगी झाली, मीरा. मी महिनाभर राहून आले, आणि मग केतकीच्या सासूबाई पुण्याहून आल्या. चांगल्या आहेत, मनापासून करतात. परवा व्हिडिओ कॉलवर मीरा त्यांच्या कडेवर होती, त्यांची माळ ओढत होती. मी हाक मारली तर तिनं पडद्याकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. ईशान त्यांना आजी म्हणतो. मला ट्रॉय आजी म्हणतो. Troy आजी is going to the mountain again, त्यानं सगळ्यांना मोठ्यानं जाहीर केलं, she's not coming here. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. दुखलं. मी कणसं सोलायच्या निमित्तानं कॅमेऱ्याबाहेर गेले. दुखतं तेव्हा दुखतंय म्हणावं, पण त्यासाठी आपला निर्णय चुकला असं म्हणायची गरज नाही. मला कुणी निवड फुकट देऊ केली नव्हती.

केतकी फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली, दार लावल्याचा आवाज आला. दमलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं झालेलं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मला पक्कं माहीत होतं की मी तिकीट बदलणार नाही.

"आई," ती म्हणाली, चक्क मराठीत, "मला अजून तुझा राग आहे."

"असू दे," मी म्हटलं. "राग धरूनही फोन करता येतो."

तिनं फोन ठेवला नाही. तिच्याकडे मीरा रडायला लागली, माझ्याकडे स्प्रिंकलर टकटकत होता. मग ती म्हणाली, "जा तू. पण खाली उतरलीस की पहिला फोन मला कर."

"गेल्या वेळीही तुलाच केला होता," मी म्हटलं.